जागा धर

कारखान्याच्या भरतीची खिडकी अजून उघडली नव्हती. रांगेतल्या शिंपिणीचे कान पुढच्या दोघींकडे लागले होते.

"नोकरीच्या रांगेत पिशवी कशाला गं?"

"सवय! आधी रांगेत उभं राहायचं, मग काय मिळतंय ते विचारायचं."

"आज एकच जागा आहे म्हणे, शिलाई मशीनवरची."

"कारखाना सरकारी होता तेव्हा दोघींना काम होतं, पण दुकानात साबण मिळेना. आता साबण बावीस तऱ्हेचे!"

"आणि आपण घरी."

"बरं, माझी जागा धर. पाणी पिऊन आलेच. पिशवी ठेवते इथे."

"जा गं, मी आहे ना."

ती पाण्याकडे वळली, तोच आतून कारकुनाने खिडकी उघडली.

"पहिलं कोण?"

"मी," जागा धरणारी म्हणाली.

"मग ही पुढची पिशवी?"

"कोणाची कोण जाणे."

शिंपिणीने पिशवी पायानेच बाजूला सारली आणि स्वतः एक पाऊल पुढे सरकली.