एकच न्यायचा दगड

(आखातातल्या ईसा टाउनमधला रिकामा होत आलेला फ्लॅट, दुपार. व्हेरॉनिका बॅगा भरते आहे. तिच्या नवऱ्याचा, विल्फ्रेडचा, मित्र हुसेन समोर बसला आहे. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड.)

हुसेन : चहा नको भाभी. हे तेवढं घ्या. विल्फ्रेडला जाऊन चाळीस दिवस झाले, तेव्हापासून माझ्याकडे पडून आहे. माझी बायको रोज म्हणते, ज्यांची चीज त्यांना नेऊन दे.

व्हेरॉनिका : दगड आहे ना?

हुसेन : हो. त्या दिवशीचा.

व्हेरॉनिका : बाकीचे सगळे दगड काल गेले. त्यांच्या कंपनीतले जपानी इंजिनियर, मोरितासाहेब, स्वतः येऊन घेऊन गेले. त्यांनीच तर लावलं हे वेड. दगड उभा राहावा म्हणून विल्फ्रेडने कोरलेली एकेक लाकडी बैठक हातात घेऊन बघत होते. म्हणाले, फार चांगला हात होता. मी बारा वर्षं त्यांच्यावरची नुसती धूळ पुसली.

हुसेन : मला पण आधी हसू यायचं. रानातला दगड, त्याला घासायचं नाही, तोडायचं नाही, सापडला तसा मांडायचा आणि बघत बसायचं. म्हणायचा, बघता बघता त्यात डोंगर दिसतो.

व्हेरॉनिका : तुम्हाला दिसला कधी?

हुसेन : नाही. मी आपला सोबतीला जायचो. भाभी, मला एक सांगायचंय. मी तुमच्याशी झूठ बोललो.

व्हेरॉनिका : बोला.

हुसेन : मी म्हटलं होतं, तो माझ्यासमोर कोसळला आणि मी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. तसं नव्हतं. मी सित्राहून नाइट शिफ्ट करून थेट आलेलो. सकाळी सहाला आम्ही अस्करच्या पुढे वाळवंटात पोचलो. तो म्हणाला, तू एसीत बस, मी आठपर्यंत येतो. स्वतःचा फोन त्याने चार्जिंगला लावून गाडीतच ठेवला. मी सीट मागे केली. जाग आली ती जुम्म्याच्या अजानने. साडेअकरा वाजून गेलेले.

व्हेरॉनिका : मग?

हुसेन : धावत शोधायला गेलो. लांब जावं लागलं नाही. गाडीपासून दोनशे पावलांवर पडलेला. हाक मारली असेल त्याने. माझ्या काचा बंद होत्या.

व्हेरॉनिका : मला माहीत होतं.

हुसेन : कोणी सांगितलं?

व्हेरॉनिका : कोणी नाही. बावीस वर्षं नर्स आहे मी. त्यांचा डावा गाल भाजलेला होता. लगेच उचललेल्या माणसाचा गाल जमिनीने भाजत नाही.

हुसेन : आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

व्हेरॉनिका : तुम्ही बोलता का, ते बघत होते. उद्याची फ्लाइट आहे. वाटलं, नाही बोलणार आता.

हुसेन : शिव्या द्या मला. इथून ऊठ म्हणा.

व्हेरॉनिका : जूनच्या उन्हात ते गेलेच का, हे विचारलंत कधी?

हुसेन : शौक होता त्याला.

व्हेरॉनिका : थंडीत जायचे ते. जूनमध्ये कधीच नाही. आम्ही कायमचे वसईला निघालो होतो. त्यांना सगळे दगड न्यायचे होते. मी ओरडले, विमानात दगड भरू का, एकच न्या, काय तो ठरवा. तीन दिवस सगळे टेबलावर मांडून बसले. जेवताना पण बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, यातला एकही तो नाही. आणि तुम्हाला फोन केला.

हुसेन : मला हे बोलला नाही तो.

व्हेरॉनिका : तान्याला पण सांगितलं नाही मी. तिला वाटतं, पप्पा फिरायला गेले होते.

हुसेन : दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला होता त्याने. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बोटं सोडवली. सात किलो तरी असेल. टाकून दिला असता, तर तेवढी दोनशे पावलं आला असता, भाभी.

व्हेरॉनिका : नसता टाकला. सोडा ते गोणपाट.

हुसेन : बघवेल तुम्हाला?

व्हेरॉनिका : सोडा.

हुसेन : हा. मला तर काळा धोंडाच दिसतो. ही बाजू वर होती की ती, ते पण माहीत नाही.

व्हेरॉनिका : फिरवा जरा. अजून. तिथे थांबा.

हुसेन : दिसतं काही?

व्हेरॉनिका : वसईला आमच्या घराच्या मागच्या दाराने तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात, संध्याकाळी. असाच. ती खांद्यासारखी उतरती बाजू पण आहे.

हुसेन : या अल्ला.

व्हेरॉनिका : कशाला हलवता?

हुसेन : मी नाही हलवत. उभा राहत नाही तो. हात काढला की कलंडतो. बैठक कुठे आहे त्याला.

व्हेरॉनिका : ती बॅग उघडा. वरचे दोन टॉवेल काढा आणि घडी करून त्याच्या खाली ठेवा. मी धरते तोवर.