कोटाचं कव्हर

सासू : तिला काय विचारतोस? गाडी माझ्या माणसाची आहे, मला विचार.

मेकॅनिक : मावशी, बंद पडली तेव्हा चालवत कोण होतं?

सासू : हीच, माझी सून. म्हणून तर तुझ्या दारात उभी आहे. ह्यांनी अकरा वर्षं चालवली, समोर एक दिवा लागला नाही. ते गेल्यावर हिच्या हातात आली आणि दीड वर्षात सगळी रोषणाई झाली.

मेकॅनिक : ताई, कुठले दिवे लागले?

सून : आधी लाल त्रिकोण. मग पिवळा, इंजिनाचा. स्क्रीनवर आलं, हायब्रिड सिस्टिम तपासा. चढावर होते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी रांगत होती. मागे ट्रक हॉर्न वाजवत होता.

सासू : आणि मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले होते.

सून : जीव मुठीत नव्हता, आई. तुम्ही मला गिअरबद्दल सांगत होता. या गाडीला गिअर टाकावेच लागत नाहीत.

सासू : बघितलंस? हे असं तोंड. असाच पाय पण चालत असेल खाली, दणादण.

मेकॅनिक : पाय दाबल्याने हे दिवे लागत नाहीत, मावशी.

सासू : तू लगेच तिच्या बाजूने. शिकलेल्या बाईनं ताई म्हटलं की विरघळलास.

मेकॅनिक : ताई मी म्हटलं. त्यांनी मला काहीच म्हटलं नाही अजून.

सून : दादा, तुम्ही तुमचं दोष वाचायचं मशीन लावा. आज मला निकाल हवाय. अकरा दिवस झाले, गाडीची चावी यांच्या बटव्यात आहे. मी नर्स आहे, सातला वॉर्डात उभं राहायचं असतं. दोन बस बदलून जाते. परवा मेमो मिळाला. आणखी एक मिळाला तर वॉर्ड काढून घेतील.

सासू : हे सगळं परक्यासमोर बोलायची गरज होती?

सून : तुम्ही बोलला नाहीत परक्यांसमोर? वन्संना फोन, मामांना फोन, खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर जिन्यात उभं करून. हिने ह्यांची गाडी मारली म्हणून.

सासू : मारलीच आहे.

सून : ठीक आहे. माझ्या चालवण्याने बिघडली असेल तर मी परत चावीचं नाव काढणार नाही. नसेल, तर वन्संना इथूनच फोन लावायचा. माझ्यासमोर.

सासू : मला अटी घालतेस?

सून : हो. आज घालते.

सासू : लाव रे मशीन. लाव. हिची हौस फिटू दे.

मेकॅनिक : लावलंय कधीच. आधी कुणाला दाखवली होती का?

सून : कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला. त्याने छोटी बॅटरी बदलली. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत त्रिकोण.

मेकॅनिक : छोटीचा दोष नव्हता. हे वाचा. इंजिनाला जोर देते ती मोठी बॅटरी तापली होती, छप्पन्न अंशांपर्यंत. इतकी तापली की गाडी स्वतःच ताकद काढून घेते, बॅटरी जळू नये म्हणून. नुसत्या इंजिनावर चढ चढायचा म्हणजे अर्ध्या अंगाने ओझं उचलायचं.

सासू : तापली म्हणजे कुणीतरी तापवली. गाडी काय मनाने तापते?

मेकॅनिक : पहिल्यांदा कधी झालं?

सून : चार महिने झाले. तेव्हा नुसता त्रिकोण लागायचा आणि गाडी बंद करून चालू केली की जायचा. ऊन वाढलं तसं वाढलं.

मेकॅनिक : त्याच्या आधी काही नवीन बसवलं गाडीत?

सासू : काही बसवलेलं नाही. ह्यांनी ठेवली तशी आहे. आरशाला लटकणारं फडकंसुद्धा त्यांचंच आहे.

मेकॅनिक : मग पंखा बघू. मोठी बॅटरी मागच्या सीटला लागून असते. तिला एक पंखा असतो, तो गाडीतलीच गार हवा ओढून तिच्यावर सोडतो. तुम्ही दोघी जरा बाजूला व्हा. आणि त्या नारिंगी वायरींना हात लावू नका, मी प्लग काढला असला तरी.

सासू : मला कशाला सांगतोस, मी काय लहान आहे? हिला सांग. हिला प्रत्येक ठिकाणी हात घालायची सवय आहे. माझ्या कपाटात घातला होता. ह्यांचे कोट देऊन टाकायला निघाली होती.

सून : मी नाही, तुमचा मुलगा निघाला होता. मी फक्त पिशवी धरली होती.

सासू : पिशवी धरणारा हात तुझाच ना?

सून : दीड वर्ष तुमचं मागे बसणंसुद्धा गप्प बसून बघतेय, आई. शेजारची जागा रिकामी, आणि तुम्ही मागे. पगारी ड्रायव्हर असल्यासारखी मी पुढे. सिग्नलला लोक वळून बघतात.

सासू : बघू देत. पुढची जागा ह्यांच्या शेजारची होती. ते गेले, ती जागा संपली. तुझ्या शेजारी बसायचं म्हणून मी त्या जागेवर बसले नव्हते कधी.

मेकॅनिक : सापडलं.

सासू : काय सापडलं?

मेकॅनिक : हे बघा. पंखा. पाती दिसताहेत का?

सून : हे काय आहे सगळं? उंदराचं घरटं?

मेकॅनिक : लोकर आहे. करडी. चिमटीने ओढली तर दोरीसारखी येतेय. पंखा फिरणार कसा? ताई, करडं काय असतं तुमच्या गाडीत? शाल, स्वेटर, काही?

सासू : असणारच. हिच्या पिशव्या कायम मागे कोंबलेल्या असतात. मी सांगून थकले. घे, लागला तुझा निकाल.

मेकॅनिक : ताई?

सून : माझा स्वेटर असेल. ड्यूटीवरून आले की मागे टाकते.

मेकॅनिक : मग स्वेटर घरी ठेवा. आणि मावशी, तुमचंच खरं ठरलं म्हणायचं.

सासू : हिचा स्वेटर हिरवा आहे.

सून : आई, राहू दे.

सासू : हिरवा आहे तुझा स्वेटर. दोन थंड्या बघतेय मी तो. करडं काही नाही तुझ्याकडे. खोटं कशाला बोलतेस?

मेकॅनिक : मग करडं कुणाचं?

सासू : ह्यांचा कोट. दोन होते, दोन्ही करडे. द्यायचे नव्हते, घालणारं कुणी नव्हतं. उसवले, आणि मागच्या सीटला कव्हर शिवलं. मळू नये म्हणून वरून जुनी चादर घातलीय. चार महिने झाले असतील.

मेकॅनिक : म्हणजे हे जे आहे ते. मी मघापासून याच्याखाली पंख्याची जाळी शोधतोय. सीटच्या कडेला असायला हवी, हाताला लागतेय पण दिसत नाही. काय शिवण आहे, बोट आत जात नाही.

सासू : जाणार नाही. शाळेचे गणवेश शिवून तीन मुलं वाढवलीत मी. माझी शिवण उसवून दाखवणारा अजून जन्मायचाय.

मेकॅनिक : जाळीवर मुद्दाम पट्टी शिवलीय का?

सासू : मुद्दामच. ती जाळी माझ्या गुडघ्यापाशी होती. सारखी फुरफुर करायची. कव्हर घातल्यावर तर जास्तच करायला लागली. एकदा तर रस्ताभर किरकिर. मग दुहेरी पट्टी घेतली आणि तिचं तोंड शिवून टाकलं.

मेकॅनिक : मावशी, तिथूनच हवा आत जाते. कव्हराने अर्धी अडवली, म्हणून पंखा जोरात फिरायला लागला. तो बॅटरीसाठी जीव काढत होता.

सासू : मला वाटलं, उगाच बडबड चाललीय.

सून : म्हणून तोंड शिवलं.

सासू : टोमणा कळला मला. अडाणी आहे, बहिरी नाही. पण तू हे मघाशीच ओळखलंस. लोकर बघितल्याबरोबर. तुझा चेहरा बघितला मी.

सून : हो.

सासू : मग बोलली का नाहीस? अकरा दिवस मला खाऊ की गिळू करून बघतेस, आणि हातात आलेला डाव सोडून देतेस? मला भीक घालतेस?

सून : भीक नाही. ते कव्हर शिवताना तुम्ही आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता. खिसा कुठे होता ते दिसू नये म्हणून तिथे रफू केलंत. मला माहीत आहे. मला फक्त भांडायचा कंटाळा आलाय.

सासू : माझ्यावर उपकार करून मग रात्री नवऱ्याला फोनवर सांगायचं, तुझ्या आईची लाज राखली म्हणून. मला नकोत असले उपकार. माझं केलेलं मी निस्तरीन.

मेकॅनिक : आता भांडण थांबवून मला एक ब्लेड घेऊ द्या. ही पट्टी कापतो.

सासू : ठेव ते खाली. कापतात होय? कापड गेलं की परत येत नाही. उसवायचं असतं. माझ्या पिशवीत छोटी कात्री आहे, दे गं. हे टोक धर. ओढू नकोस, नुसतं धर. मी एकेक टाका काढते.

सून : धरलंय.

सासू : घट्ट धर. दुहेरी आहे, सुटायला वेळ लागेल.

सून : लागू दे, आई.

(पंखा साफ करून परत बसवला जातो. मेकॅनिक गाडी चढावर नेऊन आणतो. दोघी गॅरेजच्या दारात उभ्या.)

मेकॅनिक : चढावर दोनदा नेली. बॅटरी छत्तीस अंशांच्या वर गेली नाही. ताकद आली, दिवे गेले. पण खरं सांगतो, बॅटरी जुनी आहे आणि चार महिने भाजून निघालीय. वर्ष काढेल, कदाचित जास्त. मग बदलावी लागेल. जाळी मात्र मोकळी पाहिजे. तिच्यासमोर पिशवी नाही, कापड नाही, पाय नाही.

सासू : कळलं. फोन लावून दे.

सून : राहू दे, आई. घरी गेल्यावर बघू.

सासू : शब्द दिलाय मी. नाही का दिला?

सून : तुम्ही नुसतं लाव रे मशीन म्हणालात.

सासू : मग दिलाच की. लाव. हॅलो? मी बोलतेय. मध्ये बोलू नकोस, ऐक. गाडी तुझ्या वहिनीने बिघडवली नाही. मी बिघडवली. मी म्हणजे मी, दुसरी कोण? ह्यांच्या कोटाने हवा कोंडली. नाही, दुरुस्त झाली. हसतेस काय? मामाला तूच सांग, मी सगळीकडे तेच तेच सांगत बसणार नाही. खालच्या काकूंना मी बघते. ठेव.

सून : चावी?

सासू : ही घे. बटव्याला पण भोक पडलं हिच्या वजनाने.

सून : बसा, मागचं दार उघडते.

सासू : नको. मागे माझ्या पायाने परत जाळी बुजायची. त्याने सांगितलं ना, पाय नाही.

सून : मग?

सासू : मग काय मग? पुढचं उघड. आणि ती सीट सरकव, माझे पाय टेकत नाहीत लांब असली की. थांब. टेकतात. कुणी सरकवून ठेवली होती?

सून : कुणीच नाही. तुम्ही पुढून शेवटचं उतरलात तेव्हा होती तशीच आहे.