सलीमचा पेशंट

आमच्या ऑफिसातला सलीम दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्याचं सांगतो. कोडची कुठलीही टेस्ट चालायच्या आधी सेटअप, म्हणजे तयारी करणारा छोटा प्रोग्रॅम, एक खोटा पेशंट नव्यानं भरती करतो. गंमत म्हणून सलीमनं त्याला आपल्या अब्बांचंच नाव दिलं होतं. हाच पेशंट मयत झाल्यावर फाईल नीट बंद होते का, याचीही एक टेस्ट आहे.

यंदा अब्बा खरंच गेले. सलीम परत कामावर आला, तेव्हा मी हळूच विचारलं, "भाई, ते नाव बदलून टाकू का?"

"रहने दे यार. पुढची टेस्ट सुरू झाली की अब्बा परत जिवंत असतात."

मी मान डोलावून माझ्या जागेकडे वळलो.

मग तोच म्हणाला, "फक्त ती मयतची टेस्ट सगळ्यात शेवटी ठेवू नको."