जित्याचा पिंड

आटपाट नगर कसलं घेऊन बसलात, आटपाट रत्नागिरी होती, तिथं मी आनंदीबाई, माझा नातू ओमकार आणि पुण्याला प्रयोगशाळेत कामाला गेलेली नात तेजस्वी अशी तीनच माणसं, आणि चौथा... चौथा तो गोळा! तुम्हाला सांगते, ओमकारला आकडी यायची. लाँचवरून पाण्यात पडला, तेव्हापासून कुठला तांडेल त्याला बोटीवर घेतोय? दर्यावरचा पोर, ओटीवर बसून लोकांची जाळी शिवायचा. तर ह्या तेजस्वीनं काय करावं? भावाच्या दंडाच्या कातडीचा चिमटाभर तुकडा नेलान, त्यातल्या पेशी म्हणे मागं फिरवून आईच्या पोटातल्यासारख्या कोऱ्या केल्या, आणि त्यांतून बशीत त्याच्याच मेंदूचा एक कोपरा वाढवलान. केवढा गं, म्हटलं. "आजी, मसुरीएवढा गोळा." गोळा? आमच्यात माणूस गेला की भाताचा गोळा ठेवतात. तुम्हीच सांगा, जित्याचा पिंड कोणी ठेवतं?

पुढं ऐका... मोबाइलवर दाखवलंन मला. काळोखात हिरवे ठिपके लुकलुकतायत, आणि एकदम सगळे मिळून पेटले, विझले, पुन्हा पेटले. "ही बघ, त्याची आकडी." माझ्या हातचा अडकित्ता पडला. इकडं ओमकार स्वस्थ जाळं शिवतोय, नि तिकडं त्याचा गोळा तडफडतोय! ही म्हणते, "अगं, त्याला काही कळत नाही." ओमकार आकडीत असला की डॉक्टरही हेच सांगायचे.

मग गोळ्यावर एकेक औषध घालून बघितलं, एकानं ठिपके निवले, मोठ्या डॉक्टरांनी विचार करून तेच ओमकारला सुरू केलं. पावसाळा सरला, आकडी नाही. आणि फोन आला, प्रयोग संपला, गोळा टाकला. कुठं टाकलात? तर नियमानं जाळतात म्हणे. जाळलान! झाला की नाही पिंड, जित्याचा?

मी भाताचा गोळा बावीच्या काठावर ठेवला. कावळा बघतो, शिवत नाही. ओमकारला जपेन म्हटलं, नाही. त्याचं लग्न लावीन म्हटलं, नाही. मग काय राहिलंय ह्याचं? एवढ्यात ओमकार जेवता जेवता उठून आला. "आजी, कोरडा भात मला तरी कधी गेलाय?" आणि आपल्या ताटातला बांगड्याचा तुकडा वर ठेवलान.

कावळ्यानं झडपच घातली.

आता ओमकार भिकाजी तांडेलाच्या लाँचवर जातो, ईशा नावाच्या मुलीचं स्थळ त्याला ठरलंय, भाग्य आलं हो घरात. पण कावळा रोज जेवणाच्या वेळेला हजर. जित्याचा पिंड कोणी ठेवतं, म्हणत होते ना मी? मीच ठेवते. बांगडा आता दोन नातवांचा घ्यावा लागतो.