शेषेराव बरोबरी घेईनात

...बरोबरी घ्या म्हणलं, तर न्हाई म्हणून राहिले! आता तुम्हाला सांगतो, पटावर उरलंय काय? दोघांकडं एकेक राजा, एकेक हत्ती अन् दोन-दोन प्यादी. यात जिंकणार कोण? कोणीच न्हाई! शेंबड्या पोराला कळतंय, अन् शेषेरावांना कळंना?

हे शेषेराव मूळचे आमच्याच अहमदपूरचे, आमच्याच बुद्धिबळ क्लबचे. रोज संध्याकाळी मी अन् ते, पट मांडून भांडत बसायचो. मग त्यांच्या भागवतला नांदेडला नोकरी लागली, त्यानं फ्लॅट घेतला अन् बापाला घेऊन गेला. बरं, गेले तर गेले... पण तिथल्या क्लबचे मेंबर झाले! एक माणूस एकाच क्लबकडून खेळणार, असा लीगचा नियम. म्हणजे आमचं मेंबरपद सोडून! मीटिंगीत सगळ्यात जास्त मीच वरडलो, "काढून टाका त्यांचं नाव!" जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!

तर लीगचा शेवटचा सामना. कुठं? नांदेडात. कुणाशी? त्यांच्याच क्लबशी! अन् पहिल्या पटावर माझ्यासमोर कोण? हेच! बाकीचे डाव संपले होते, अन् मी नुसती बरोबरी केली तरी चषक अहमदपूरचा. आमच्या क्लबची ऋतुजा तिचा डाव जिंकून खिडकीतून खुणा करून राहिली, घ्या काका, घ्या बरोबरी! अगं, मी काय नको म्हणून राहिलो का? मागून मागून थकलो!

त्यांनी हत्ती इकडं नेला. मी तिकडं. त्यांनी परत. मी परत... शेवटी वैतागून हळूच म्हणलं, "शेषेराव, सिटीत आल्यावर लई माज आला का हो?"

ते पटाकडंच बघत म्हणले, "बरोबरी झाली की तुमी उठून जाताल."

...आता याला काय म्हणावं?

"घरी कोण असतंय?" मी विचारलं.

"कोणी न्हाई. भागवत ड्युटीवर, सूनबाई शाळेवर. टीव्ही हाय की!"

"अन् क्लबात?"

"सगळी पोरं. हरलो की 'थँक्यू अंकल' म्हणतेत अन् जातेत. 'डोकं घरी ठेवून आलात का' म्हणून कोणी भांडतच न्हाई हो."

तेवढ्यात पंच आले. "काका, बोलायचं नाही. आणि हीच स्थिती तीनदा आली, तुम्ही बरोबरीचा दावा करू शकता."

सगळे माझ्याकडं बघून राहिले. मी म्हणलं, "न्हाई करायचा."

ऋतुजानं कपाळावर हात मारून घेतला! पंच म्हणले, "पाचव्यांदा आली तर मीच बरोबरी देऊन डाव थांबवणार." घ्या! म्हणजे आता वेगळं काहीतरी खेळणं आलं. अन् वेगळं काय होतं? एक प्यादं. सारलं पुढं.

"हनुमंतराव, हे काय केलात? फुकट गेलं की!"

"माझं प्यादं हाय. तुमी खेळा!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला... अन् मग खाल्लं प्यादं. पण पुढं काय डाव झाला म्हणता! माझा राजा पार कोपऱ्यापर्यंत पळाला, अन् शेषेराव मिशीत हसून राहिले... अहमदपूरला असताना हसायचे तसे.

हरलो. चषक गेला. येताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं न्हाई. आमचे अध्यक्ष शिवप्पा, तेवढे म्हणले, "वय झालं तुमचं." पुढच्या मीटिंगीत पहिला पट ऋतुजाला, अन् मी टीमच्या बाहेर. पोरगी बिचारी म्हणती, "काका, रागावलात?" म्हणलं, मी कशाला रागवू? आपल्याला काय करायचंय!

आता रविवार मोकळा. सकाळची एसटी धरतो, थेट शेषेरावांच्या फ्लॅटवर. घड्याळ न्हाई, पंच न्हाई, अन् भांडण असं की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला वर येतेत. अन् तुम्हाला सांगतो, तिथं काय मी कुणाची कीव करून खेळत न्हाई हं, अगदी जीव तोडून खेळून राहिलो...

तरी दर रविवारी हरूनच परत येतो!