आत्याचं मोटारीतलं घर

मी तोंडाळ आहे असं तुम्ही सगळ्याजणी म्हणता. पण त्या दिवशी आमच्या गावी, पिंगळीत, मी गप्प बसायला हवं होतं का, ते तुम्हीच सांगा.

माझी विधवा आत्या बारा वर्षं काकांच्या स्वयंपाकघरात झोपायची; त्याला आतून कडीही नव्हती. निजामाचं राज्य गेलं त्या साली इंजन गेलेली, चारी बाजूंनी पत्र्याने बंद अशी एक मोठी मोटार आमच्या शेतात पडून राहिली होती. कॉलेजच्या सुट्टीत मी सुताराला हाताशी घेऊन ती विटांवर बसवली, खिडकी पाडली, आत चूल मांडली, पत्रा तापू नये म्हणून वर गवत अंथरलं. काका रोज येऊन म्हणायचे, "मोटारीला कुणी घर म्हणतंय का? लोक हसायलेत."

आत्या सामान घेऊन आली, तेव्हा मात्र काका पायरीवर आडवे आले. "थांब आक्का. नव्या घरात आधी सवाष्णीचं पाऊल लागतंय. पुढच्या महिन्यात मुहूर्त बघू."

पुढच्या महिन्यात मी परत कॉलेजला, हैदराबादला असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणाले, "काका, कालपर्यंत ही मोटार होती ना? पालमला जाणाऱ्या प्रवासी मोटारीत आधी कोण चढलं, ते विचारता का तुमी?"

"लय शिकलीस," काका म्हणाले, पण हलले नाहीत.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "सरक रे बाबा." ती वर चढली.

चुलीचा धूर दिसेल म्हणून आम्ही थांबलो. धूर आला नाही. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

काकांनी दार वाजवायला हात उचलला. तो मी धरला.