येसूबायला दिलेली वाट

मंडळी, आणि कातकरवाडीतनं आलेल्या माझ्या बायांनो,

या शोकसभेत बोलायला उभी राहिले खरी, पण मान वर करवत नाय. येसूबाय गेली याचं दुःख आहेच. त्याहून जास्त लाज वाटते.

मी या गावची सून. वाडीच्या संघटनेत गावातनं गेलेली मी एकटीच. कातकऱ्यांच्या घरांखालची जागा त्यांच्या नावावर व्हावी, म्हणून येसूबायनं शहापूरला कचेरीपुढं ठाण मांडलं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. जागा मिळाली. तो राग धरून आपल्यातल्याच माणसांनी तिचं घर पाडलं. केस झाली. मग आपणच समेटाला बसलो, इथं, या देवळापुढं. आपण भरपाई देऊ केली. ती काय म्हणाली, आठवतं ना?

"घर आमी बांधू. आमच्या मयताला तुमच्या शेतातनं वाट द्या. पावसात ओहळातनं न्यावं लागतं. मेल्यावर तरी माणूस भिजू नये."

आपण हो म्हटलं. नारळ फोडला. तिनं शब्द पाळला. कोर्टात आपल्या माणसांविरुद्ध बोलली नाय. वाडीतले तरणे चिडले, तर त्यांना म्हणाली, "रोज याच लोकांत राहायचंय ना रे?"

आणि परवा? तिला खांद्यावर घेऊन आमी बांधापाशी आलो, तर वाटेवर काट्यांचं कुंपण. माझ्या दिरांनी घातलेलं. भाऊजी, तुमी समोर बसलाय. मी हात जोडले. तुमी म्हणालात, "वयनी, भात पोटरीत आलंय. तुडवलं जाईल."

मूठभर भात गेलं असतं, भाऊजी. आपला शब्द गेला.

आणि बाकीचे? सगळे बांधावर उभे होतात. एकानं तरी काटा बाजूला केला? एकानं?

आमी तिला ओहळातनं नेलं. कमरेएवढं पाणी. तिच्या मुलानं नि वाडीच्या माणसांनी तिरडी डोक्याच्या वर धरली, तरी तिचे पाय भिजलेच. पलीकडं गेल्यावर मी ते पदरानं पुसले. तिचा मुलगा माझ्याकडं बघत होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

येसूबाय, माफी मागायला तोंड नाय गो. राम राम घे.

आता सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगायचं काम माझ्याकडं दिलंय. ते मी गावाला सांगणार नाय. मागं बसलेल्या वाडीच्या माणसांना विचारते. आमी तुमच्यासोबत उभं राहिलेलं तुमाला चालेल का? नाय म्हणालात, तर आमी खाली बघत बसून राहू.

तुमी उठलात, तर तुमच्यामागं उठू.